शिकलेली गाळणी

१. मुंग्या गेल्या, चौकोन आले

मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच साली सिंहगडावर केंद्र बसले. मग पुणे भागातही घरबसल्या चित्रे दिसू लागली. त्या काळी चित्र बिघडले, की पडद्यावर मुंग्या येत. कोणी तरी कौलावर चढे आणि अँटेना फिरवी. वरून विचारी, "आलं का?" खालून घरचे ओरडत, "अजून थोडं फिरवा!"

आज चित्र खिशात आले आहे. इंदुरीच्या पारावर बसून मुंबईच्या मुलाशी बोलता येते आणि त्याचे तोंडही दिसते. पण चित्र बिघडायचे थांबले आहे का? नाही. बिघाडाची तऱ्हा तेवढी बदलली आहे. आता मुंग्या येत नाहीत, चौकोन येतात. माणसाचा गाल फरशी बसवल्यासारखा दिसतो. आकाशाला पट्टे पडतात. अक्षरांच्या भोवती धुरकट कडी दिसतात.

हे चौकोन येतात कोठून? ते पुसणारी एक नवी गाळणी निघाली आहे, ती काम कसे करते? आणि त्या गाळणीवर आपण किती विश्वास ठेवावा? या धड्यात हे समजून घेऊ या.

२. भारा आवळावाच लागतो

मोबाईलच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. रांगोळी ठिपक्यांवर काढतात, तसेच समजा. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात.

प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन आकडे लागतात. एक तांबड्याचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. एका आकड्याला एक बाइट जागा लागते. म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट लागले. पण चित्र हलताना दिसायचे, तर एका सेकंदात अशी २५ चित्रे लागतात. पुन्हा गुणाकार करा. सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट होतात.

आता आपल्या रिचार्जचा हिशेब पाहा. रोजचा डेटा दीड जीबी धरू. दीड जीबी म्हणजे सुमारे दीडशे कोटी बाइट. व्हिडिओ जसाच्या तसा पाठवला, तर दिवसभराचा डेटा दहा सेकंदांच्या आत संपेल. "कसं काय, बरं आहे ना?" एवढे विचारेपर्यंत रिचार्ज खलास!

म्हणून व्हिडिओ पाठवण्याआधी आवळतात. याला कॉम्प्रेशन म्हणतात. गवताचा भारा आवळून बांधला, की गाडीत जास्त मावतो. पण एक फरक ध्यानात ठेवा. गवत आवळले, म्हणून त्यातली काडी कमी होत नाही. व्हिडिओ आवळताना मात्र काही काड्या टाकूनच द्याव्या लागतात. त्या परत मिळत नाहीत.

अशा आवळलेल्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे सव्वासहा लाख बाइट पुरतात. म्हणजे मूळच्या अडीचशेव्या हिश्श्यात काम भागते. तोच दीड जीबी मग चाळीस मिनिटे टिकतो.

३. तोलताना काय सोडतात

आवळायचे कसे? पहिली युक्ती सोपी आहे. जे बदलले नाही, ते पुन्हा पाठवायचे नाही.

इंदुरीच्या गढीसमोर उभे राहून व्हिडिओ काढला असे समजा. दाभाडे सरदारांच्या त्या गढीचे बुरूज शेकडो वर्षे जागचे हलले नाहीत. ते सेकंदाला २५ वेळा कशाला पाठवायचे? एकदा पाठवले, की पुढे एवढेच सांगायचे, "बुरूज मघाचाच आहे. समोरून एक बैलगाडी चालली आहे, तेवढी चार ठिपके पुढे सरकवा." यात फार बचत होते. पण इंद्रायणीच्या खळाळत्या पाण्याचा किंवा मुसळधार पावसाचा व्हिडिओ काढला, तर ठिपकान् ठिपका बदलत असतो. तिथे ही युक्ती लंगडी पडते. म्हणून पावसातला व्हिडिओ लवकर फुटतो.

दुसरी युक्ती तोलण्याची आहे. सोनार सोने गुंजेपर्यंत तोलतो. भाजीवाला पाव किलोच्या खाली जात नाही. गुंजभर मेथीची कोणी फिकीर करीत नाही. चित्राचेही तसेच आहे. माणसाच्या डोळ्याला मोठे फरक चटकन दिसतात, अगदी बारीक फरक फारसे दिसत नाहीत. म्हणून चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात. फोटोच्या जुन्या आणि आजही चालणाऱ्या पद्धतीत चौकोन आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचा असतो. त्या चौकोनातले ढोबळ फरक एकीकडे आणि बारीक फरक दुसरीकडे मांडतात. ढोबळ फरक नीट तोलतात. बारीक फरक भाजीसारखे अंदाजाने तोलतात, आणि पुष्कळसे टाकून देतात.

ढोबळ आणि बारीक वेगळे करण्याचे हे गणित एका भारतीयाने सुचवले. त्यांचे नाव नासिर अहमद. ते मूळचे बंगळूरचे. अमेरिकेत कॅन्सास राज्य विद्यापीठात ते शिकवीत होते. १९७२ साली त्यांनी या कामासाठी सरकारी मदत मागितली. मदत मिळाली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ च्या जानेवारीत छापून प्रसिद्ध केले. पुढे फोटो आणि व्हिडिओ आवळण्याच्या बहुतेक पद्धती याच गणितावर उभ्या राहिल्या. आपल्या मोबाईलवर रोज सकाळी जे 'शुभ सकाळ' येते, तेही बहुधा याच वाटेने येते.

४. गोधडीचे सांधे

आता चौकोन कां दिसतात, ते कळेल. प्रत्येक चौकोन वेगळा तोलला जातो. एकाचा अंदाज थोडा वर गेला, शेजारच्याचा थोडा खाली आला, की दोघांच्या मधला सांधा उघडा पडतो. गोधडीचे तुकडे दिसावेत, तसे चौकोन दिसतात.

आकड्यांनी पाहू. काळ्या रंगाला ० आणि पांढऱ्याला २५५ म्हणतात. एका भिंतीच्या रांगेतले आठ ठिपके असे आले:

५०, ५०, ५०, ५०, ६०, ६०, ६०, ६०

खरी भिंत एकसारखी होती. पण मध्येच दहाची पायरी पडली. हा चौकोनांचा सांधा. तो पुसायला एक नियम लावतात. सांध्याजवळचे आकडे हळूहळू वाढवायचे:

५०, ५०, ५२, ५४, ५६, ५८, ६०, ६०

पायरी गेली, उतार झाला. डोळ्याला भिंत पुन्हा सारखी दिसू लागली. या कामाला गाळणी किंवा फिल्टर म्हणतात.

पण आता हे आकडे पाहा:

५०, ५०, ५०, ५०, २००, २००, २००, २००

हाही सांधा आहे का? नाही. फरक फार मोठा आहे. ही बहुधा दाराची चौकट असेल. हिला मऊ केले, तर दार धुरकट होईल. म्हणून गाळणीला सांगतात, "फरक लहान असेल तर पूस, मोठा असेल तर हात लावू नकोस." २००३ साली ठरलेल्या एच.२६४ या पद्धतीत अशी गाळणी पद्धतीचाच भाग आहे. २०१३ ची एच.२६५ आणि २०२० ची एच.२६६ या पद्धतींत तिच्या जोडीला आणखी गाळण्या आल्या. हे सारे नियम माणसांनी बसून, विचार करून लिहिले.

५. गोऱ्हा औताला शिकतो तसा

माणसाने लिहिलेल्या नियमाला एक मर्यादा असते. फरक लहान आहे, पण तो खरा असेल तर? म्हाताऱ्या आजीच्या गालावरची सुरकुती लहान फरकाचीच असते. नियम तिला सांधा समजून पुसून टाकील. असे किती अपवाद लिहिणार?

म्हणून तज्ज्ञांनी दुसरी वाट धरली. नवा गोऱ्हा औताला कसा शिकतो? त्याला कोणी नियम वाचून दाखवत नाही. त्याला जोडीला जुंपतात. तो वाकडा गेला, की कासरा ओढतात. नीट चालला, की सैल सोडतात. तास घेता घेता तो शिकतो.

नवी गाळणी अशीच शिकते. आधी हजारो स्वच्छ चित्रे घेतात. प्रत्येक चित्र मुद्दाम आवळून बिघडवतात. मग बिघडलेले चित्र गाळणीपुढे ठेवतात आणि म्हणतात, "मूळचे चित्र कसे होते, अंदाज कर." गाळणी अंदाज करते. तो अंदाज मूळ चित्राशी ताडून पाहतात. जिथे चुकला, तिथे गाळणीतले आकडे किंचित बदलतात. हाच कासरा! असे लाखो वेळा केले, की गाळणी तयार होते.

गाळणीतले हे आकडे काय सांगतात? एका ठिपक्याचा रंग ठरवताना शेजारच्या ठिपक्यांपैकी कोणाचे किती ऐकायचे, ते सांगतात. पंचायतीत सगळे बोलतात, पण प्रत्येकाच्या शब्दाचे वजन सारखे नसते, तसे. असे हिशेब एकावर एक अनेक थरांत रचतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यावरून या रचनेला न्यूरल नेटवर्क, म्हणजे मज्जापेशींसारखे जाळे, असे नाव पडले. नाव मेंदूचे असले, तरी आत सारे गुणाकार आणि बेरजाच आहेत.

आवळलेल्या फोटोवरचे डाग पुसायला हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१५ साली असे जाळे वापरून दाखवले. त्यानंतर हे काम व्हिडिओकडे वळले.

६. बियाण्याचे भात आणि शिजवायचा तांदूळ

ही गाळणी दोन जागी लावता येते. मावळातल्या माणसाला हा फरक लगेच समजेल.

आपण शिजवायचा तांदूळ निवडतो, आणि पेरायचे बियाणेही निवडतो. तांदळात एखादा खडा राहिला, तर एक घास वाया जातो. बियाण्यात भेसळ राहिली, तर सगळे पुढचे पीक बिघडते.

पहिली जागा शिजवायच्या तांदळाची. व्हिडिओ मोबाईलवर पोचला, उलगडला, आणि पडद्यावर दाखवण्याआधी गाळणीतून काढला. ज्याच्या मोबाईलला हे जमते, त्याला चित्र चांगले दिसते. ज्याला जमत नाही, त्याला नुसते साधे दिसते. कोणाचे काही अडत नाही. २०२३ साली तर असे ठरले, की व्हिडिओबरोबर अशा गाळणीची माहितीही ठराविक रीतीने पाठवता येईल.

दुसरी जागा बियाण्याची. गाळलेल्या चित्रावरूनच पुढचे चित्र बांधायचे. इथे फायदा जास्त असतो, कारण आधीचे चित्र स्वच्छ असले, की पुढच्यासाठी कमी सांगावे लागते. पण जोखीमही जास्त. पाठवणाऱ्याच्या यंत्रात ५६ आले आणि घेणाऱ्याच्या यंत्रात ५७ आले, तर ती चूक पुढच्या चित्रात जाते, तिथून त्याच्या पुढच्यात. चूक साचत जाते. म्हणून इथे दोन्हीकडचा हिशेब अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावा लागतो.

आणि फायदा किती? तज्ज्ञांनी एच.२६६ पद्धतीशी तुलना करून चाचण्या घेतल्या. चांगली, जड गाळणी लावली, तर तेवढ्याच चांगल्या चित्राला डेटा साधारण दहाव्या हिश्श्याने कमी लागतो. म्हणजे चाळीस मिनिटांचा डेटा चव्वेचाळीस मिनिटे पुरेल. फुकट मात्र काही मिळत नाही. एकेका ठिपक्यामागे हजारो गुणाकार करावे लागतात. मोबाईल तापतो, बॅटरी उतरते. म्हणून हलकी गाळणी बनवण्याची खटपट चालू आहे.

७. सगळेच ठिपके कचरा नसतात

इंदुरीजवळ भंडारा डोंगर आहे. तुकाराम महाराज तिथे चिंतनाला जात. त्यांच्या चरित्रावर पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. तो परदेशातही नावाजला गेला.

त्या काळचे बोलपट फितीवर काढीत. फितीवरचे चित्र बारीक कणांचे बनलेले असते. ते कण म्हणजे घाण नव्हे. चित्रच त्या कणांचे असते. फितीवर धूळ आणि ओरखडेही असतात, ते मात्र नंतर आलेले. गाळणीने धूळ पुसावी आणि कण ठेवावेत. पण गाळणी नीट शिकली नसेल, तर ती दोन्ही पुसते. मग जुन्या नटाचा चेहरा मेणाचा दिसू लागतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. जुन्या फिती जपणे हे तिथले काम. मूळ फीत जपली, तर चुकीची साफसफाई पुन्हा सुधारता येते. मूळच हरवले, तर सुधारायचे कशावरून?

८. स्पष्ट म्हणजे खरे नव्हे

आता आपल्या कामाचा मुद्दा. समजा, एका शेतकऱ्याने भाताच्या पानाचा व्हिडिओ कृषी सहायकाला पाठवला आणि फोन लावला.

"साहेब, व्हिडिओ बघितला का? पानावर ठिपके आलेत."

"बघितला, काका. पण ठिपका गोल आहे, का दोन्ही टोकांना निमुळता? मला नुसता तपकिरी डाग दिसतोय."

"अहो, चित्र तर एकदम झकास आलंय की!"

"झकास आलंय, पण त्यात ठिपक्याची कडाच नाही. उजेडात, जवळून फोटो काढा. नाही तर पानच घेऊन या."

साहेबांनी हे कां विचारले? करपा रोगाचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो. दोन्ही टोके निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. तपकिरी ठिपक्यांच्या रोगात ठिपका लांबट गोल असतो. कडा करप्यात पान कडेने वाळत जाते. पहिले दोन रोग बुरशीने होतात, तिसरा जिवाणूने. बुरशीचे औषध जिवाणूवर चालत नाही. ठिपक्याची कडा पुसली गेली आणि औषध चुकले, तर औषधाचे पैसे जातात आणि पीकही हातचे जाते.

गाळणी लबाड नाही. पण ती 'बहुधा असे असावे' एवढेच सांगते. जे चित्रातून पाठवलेच नव्हते, ते तिला माहीत नसते. माणसांचे चेहरे आणि शहरातले रस्ते पाहून शिकलेल्या गाळणीने भाताचे आजारी पान कधी पाहिलेलेच नसेल. काही गाळण्या तर नुसते सांधे पुसत नाहीत, रिकाम्या जागी आपल्या मनाचे बारकावे भरतात. चित्र छान दिसते, पण ते अंदाजाचे असते.

अंदाजाने केवढा घोटाळा होतो, ते २०१३ साली दिसले. जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने एका नामांकित कंपनीच्या छायाप्रत काढणाऱ्या यंत्रातला दोष शोधून काढला. यंत्र कागदाचे चित्र आवळताना सारखी दिसणारी अक्षरे एकच समजे. त्यामुळे घराच्या नकाशातल्या खोल्यांची मापे बदलली, कुठे ६ चा ८ झाला. त्यात न्यूरल नेटवर्क नव्हते, साधीच आवळण्याची रीत होती. पण धडा तोच आहे. आकडा पुसट असता, तर कोणी तरी विचारले असते. तो स्पष्ट होता, म्हणून कोणाला शंका आली नाही.

पुसट चित्र निदान सांगते, "मला नीट दिसत नाही." स्पष्ट पण चुकीचे चित्र ते सांगत नाही.

९. एवढे ध्यानात ठेवा

कीर्तन पाहायचे, लग्नाचा व्हिडिओ पाहायचा, नातवाशी बोलायचे, तिथे ही गाळणी उत्तम. डेटा वाचतो, डोळ्याला सुख होते. तिथे चिंता करू नका.

पण ज्या चित्रावरून काही ठरवायचे आहे, तिथे मूळ वस्तू पाहा.

पिकावर रोग असेल, तर दिवसा उजेडात, पान जवळ धरून, हात न हलवता फोटो काढा. व्हॉट्सॲपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला, की तो वाटेत आवळला जात नाही. जमले तर पानच घेऊन जा. वडगाव मावळला भाताचे संशोधन केंद्र आहे. आपला इंद्रायणी तांदूळ १९८७ साली तिथूनच आला.

सातबाऱ्याचा गट नंबर, क्षेत्र, बँकेचा खाते क्रमांक, औषधाच्या बाटलीवरचे प्रमाण, हे आकडे व्हिडिओवरून किंवा दहा हातांतून फिरलेल्या फोटोवरून उतरवून घेऊ नका. मूळ कागद, मूळ बाटली पाहा.

कोणी व्हिडिओ दाखवून "हा बघा पुरावा" म्हणाले, तर विचारा, "मूळ व्हिडिओ कोणाकडे आहे?" असे विचारण्यात लाज नाही. वाचायला शिकलेल्या माणसाने चित्रही वाचायला शिकले पाहिजे.

प्रश्न

१. व्हिडिओ आवळला नाही, तर दीड जीबी डेटा किती वेळ पुरेल? गुणाकार करून दाखवा.
२. ५०, ५०, ६०, ६० आणि ५०, ५०, २००, २०० यांपैकी कोणता फरक गाळणीने पुसावा? कां?
३. बियाणे निवडणे आणि शिजवायचा तांदूळ निवडणे यांत काय फरक आहे? गाळणीच्या बाबतीत तो कसा लागू पडतो?
४. तुमच्या घरातले कोणते कागद फोटोवरून नव्हे, मुळातूनच वाचले पाहिजेत? त्यांची यादी लिहा.

करून पाहा

बारीक अक्षरांच्या एखाद्या कागदाचा फोटो काढा. तो शेजाऱ्याला एकदा साधा फोटो म्हणून पाठवा, एकदा 'डॉक्युमेंट' म्हणून. दोन्ही मोठे करून शेजारी शेजारी ठेवा आणि सर्वांत लहान ओळ वाचा. कोणत्या फोटोत ती नीट वाचता येते?